पूर्णेची काडी आणि अलिबागचं पाणी

पाणी कमरेच्या वर चढलं आणि शांता खाली बसली.

बसली म्हणजे पाण्यातच बसली. नुसतं डोकं वर राहिलं. तिचा डावा हात मी धरला होता, उजवा जुबेदानं. मागं किल्ला, पुढं अलिबागचा किनारा, दोन्ही सारखेच लांब. किनाऱ्यावरची माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. लाट आली की शांताच्या तोंडात पाणी जायचं. ती थुंकायची आणि पुन्हा तेच म्हणायची.

"मी नाही येत आता, वैनी. गुडघे संपले. तुमी दोघी जा."

"कुठं जा? ऊठ!"

"माया हात सोडा. मायापायी तुमी काहून मरता?"

मला पोहता येत नाही. शांताला येत नाही. जुबेदाला येतं असं ती गाडीत म्हणाली होती, पण ते लहानपणी विहिरीत, पाठीला डबा बांधून. आणि आम्हा तिघींना त्या पाण्यात आणलं होतं मी, माझ्या शहाणपणानं. म्हणून हे मीच लिहिते. ज्यांनी समुद्र पाहिला नाही आणि ज्यांना जायचं आहे, त्यांनी वाचावं.

अमरावतीहून

मी अमरावतीची. क्लासला येणाऱ्या पोरांची खानावळ चालवून म्हातारी झाले. आता ती सून चालवते आणि मी भाजीत मीठ कमी आहे एवढं सांगते. शांता माझी नणंद, अकोल्याला असते. वयानं माझ्याहून लहान, वजनानं दीडपट. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख दिली आणि हिनं डोक्यात घेतलं की आपण त्या टेबलावरून काही उठत नाही. मग म्हणायला लागली, त्याआधी समुद्र पाहायचा.

"टीव्हीवर पाह्य," मी म्हटलं.

"टीव्हीवर जेवणही दाखवतात. पोट भरते काय?"

जुबेदाची आणि माझी भिंत एक. तिच्या घरी गाद्या भरायचं काम. नवरा गेल्यावरही सुई तिनं सोडली नाही. अलिबागच्या किल्ल्यात गणपती आहे आणि दर्गाही आहे, असं तिला कोणीतरी सांगितलं. ती म्हणाली, "मंग मी पण येतो. तुमचा देव भेटला नाही तर माया पीर भेटीन. एक तरी घरी राहीनच."

पोरांनी नाही म्हटलं. माझा मुलगा म्हणाला, "तिघी म्हाताऱ्या एकट्या जाणार?" मी म्हटलं, "तिघी म्हणजे एकट्या कशा?"

रेल्वेचं आणि एसटीचं लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. कंबर दुखते.

पहिला दिवस

आम्ही उतरलो ते घर मालतीताईंचं. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, जेवण त्याच करतात. अंगणात सुपारी, मागं विहीर, विहिरीवर झाकण. बाई बोलायला मऊ. "आपण जेवून घेता का?" असं विचारायची. शांता मला हळूच म्हणाली, "हे आपल्याले बोलून राहिली का अजून कोणी आलं?" आमच्याकडं 'जेवाले चाल' म्हणतात आणि ताट आदळतात. प्रेम तेवढंच असतं, आवाज जास्त असतो.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. रिक्षावाल्यानं वाळूपाशी सोडलं. शांतानं पदर नीट केला, जशी कोणाच्या घरी चाललो आहोत. मग उभी राहिली आणि म्हणाली, "एवढा?"

एवढा म्हणजे किती, ते तिनं सांगितलं नाही. पण मग एक तास ती कठड्यावरून उठली नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. पाणी समोर पुष्कळ होतं. मी पुढं गेले आणि बोट बुडवून चाखलं. माझं माहेर दर्यापूरच्या पलीकडं, पूर्णेच्या काठी. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर खणली की खारं पाणी लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिणाऱ्याचे मूतखडे होतात. लग्न होईपर्यंत तेच पाणी प्याले. त्यामुळं समुद्राचं मला नवल वाटलं नाही. जास्त खारट होता, पण चव ओळखीची होती.

किनाऱ्यावर घोडागाड्या, उंट, भेळ, फुगे. पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढत होती. समोर पाण्यात काळा किल्ला. तिथं सकाळी चालत जाता येतं, ओहोटी असली तर, असं भेळवाल्यानं सांगितलं. भरती-ओहोटी हे शब्द मी चौथीत शिकले होते. समुद्र दिवसात दोनदा चढतो, दोनदा उतरतो, एवढं माहीत होतं. मास्तरांना तरी त्यापेक्षा जास्त कुठं माहीत होतं? त्यांनीही तो पाहिला नव्हता.

दुसरा दिवस

गाव लहान आहे. शांताला घेऊनही अर्ध्या दिवसात होतं. जुन्या दर्यासरदाराची समाधी पाहिली. दगडी काम चांगलं आहे, सावली आहे, बसायला जागा आहे. म्हाताऱ्या माणसानं जावं.

इस्रायल आळी म्हणून एक गल्ली आहे. तिथं यहुदी लोकांचं प्रार्थनेचं घर. राखणदार म्हाताऱ्यानं दार उघडलं. मला वाटलं हा इंग्रजी बोलेल. तो म्हणाला, "चपला तिकडं काढा हो, इथं ओलं आहे." अस्सल मराठी. त्याच्या घरच्यांचा पिढ्यान् पिढ्या तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा. गल्लीतली निम्मी घरं परदेशी गेली, हा राहिला. जुबेदानं विचारलं, "तुमी काहून नाही गेले?" तो म्हणाला, "तिकडं पोरगा आहे, पण तिकडं मला ओळखतं कोण?" जुबेदा पुष्कळ वेळ मान हलवत राहिली. देवाची मूर्ती नाही, फोटो नाही, स्वच्छ लाकडी बाकं आणि दिवे. मला बरं वाटलं. घासायला भांडी कमी.

बाजारात पांढरा कांदा मिळतो, वेणीसारखा गुंफलेला. गोड असतो. मी चार माळा घेतल्या. जेवणाचं म्हणाल तर नारळ घातला नाही असा इथं एकच पदार्थ, चहा. तांदळाची भाकरी मऊसूत, पण तासाभरात भूक लागते. ज्वारीच्या भाकरीसारखी पोटात बसून राहत नाही. शांता मासे खात नाही. जुबेदानं आणि मी खाल्ले. पूर्णेच्या माशाला चिखलाचा वास असतो. याला नव्हता. कबूल करते, चांगला होता. तिखट मात्र नावाला. मालतीताईंना मी ठेचा करून दिला तर त्यांनी बोटानं चाखला आणि तासभर पाणी पीत राहिल्या.

संध्याकाळी त्यांनी अंगणात पोपटी लावली. मडक्यात एका रानपाल्याचा थर, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, पुन्हा पाला, तोंड बंद, आणि वरून जाळ. पाण्याचा थेंब नाही. आमच्याकडं हुरडा भाजतात तसंच, फक्त आम्ही उघड्यावर भाजतो, हे लोक झाकून. शेंगा खाता खाता शांतानं मालतीताईंना विचारलं, "उद्या चतुर्थी. किल्ल्यातल्या गणपतीले जाता येते नं?"

"येईल की. उद्या नऊ-साडेनऊला पाणी पूर्ण ओसरेल. टांग्यानं जा. आणि टांगेवाला म्हणेल तेव्हा परत फिरा हं, त्यात आपलं काही चालवू नका."

आम्ही तिघींनी हो म्हटलं.

तिसरा दिवस : किल्ला

टांगेवाल्याचं नाव हरेश्वर. पन्नाशीचा, काटक, डोक्याला रुमाल. घोडीचं नाव मैना. टांग्याची चाकं उंच, माणसाच्या छातीएवढी. शांताला वर चढवायला जुबेदानं खालून खांदा लावला आणि मी वरून ओढलं.

"आयुष्यभर गाद्या उचलल्या," जुबेदा धापा टाकत म्हणाली, "पण हे गादी भरताना कापूस जास्त झाला."

"तुया घरचीच भरती हाय," शांता वरून म्हणाली. "तीस वर्सं, वैनीकडं आली का तुई बिर्याणी खाल्ली."

टांग्यात आणखी एक कुटुंब होतं, कडेवर लेकरू. घोडी ओल्या वाळूतून आणि दगडांतून नीट पाय टाकत गेली. मध्ये घोट्याएवढं पाणी, बाकी सगळं कोरडं. रात्रीपर्यंत तिथं समुद्र होता यावर विश्वास बसेना. किल्ल्यापाशी उतरवून हरेश्वर म्हणाला, "आजी, साडेदहाला मी दारात येणार. हाक मारली की निघायचं. त्याच्या पुढं दर्या कोनासाठी थांबत नाय."

आता माझी चूक सांगते.

पूर्णेच्या काठी आमची पद्धत होती. शेत पलीकडच्या तीराला. नदीला पाणी असलं की काठावर, पाणी जिथं संपतं तिथं, एक काडी रोवायची. मग बसायचं. बाप चिलीम ओढायचा. चिलीम संपली की काडी पाहायची. काडी कोरडी म्हणजे नदी उतरते आहे, खुशाल जा. काडीचं बूड पाण्यात म्हणजे नदी चढते आहे. मग एक तर त्याच घडीला पार व्हायचं, नाही तर दोन दिवस अलीकडं थांबायचं. या काडीनं माझ्या माहेरचं एकही माणूस कधी बुडू दिलं नाही.

किल्ल्याच्या दाराशी, जिथं पाण्याचा काठ होता, तिथं मी काडी रोवली.

आत गेलो. किल्ल्यात गणपतीचं देऊळ चांगलं आहे, थंड. शेजारी पाण्याची टाकी, आणि एक विहीर, तिचं पाणी गोड. मी ओंजळभर प्याले आणि मला राग आला. चहूबाजूंनी समुद्र आणि आत गोडं पाणी, आणि आमच्याकडं समुद्र कुठल्या कुठं, तरी विहिरी खाऱ्या. देवाला हिशेब येत नाही. जुबेदा दर्ग्यावर जाऊन आली. मी तटावर जाऊन चाकावरच्या दोन तोफा पाहिल्या. वारा भरपूर. जाणाऱ्यांनी तट अवश्य पाहावा.

परत आले तर शांता देवळाभोवती फिरत होती. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दूर्वांची जुडी. एक फेरी झाली की एक दूर्वा देवापुढं टाकायची.

"किती?" मी विचारलं.

"एकवीस."

"हे कवा ठरवलं?"

"घरून निघतानाच नवस बोलली होती. गुडघ्यांसाठी. तुमाले सांगितलं असतं तर तुमी आणलंच नसतं."

खरं होतं ते. उपास तिलाही होता, मलाही. पोटात फक्त चहा. एक फेरी घालायला तिला पाच-सहा मिनिटं लागत होती. दहा वाजले तेव्हा तिच्या आठ फेऱ्या झाल्या होत्या. मी बाहेर जाऊन काडी पाहिली. काडी कोरडी. पाणी उलट बोटभर खाली. मी निश्चिंत झाले.

साडेदहाला हरेश्वरची हाक आली. बाकीचे टांग्यात बसले होते, लेकरू रडत होतं. शांताच्या हातात अजून आठ-नऊ दूर्वा होत्या.

"आजी, चला!"

"तू जाय बापा. आमी मागून पायी येतो. मी काडी पाह्यली. पाणी चढून नाही राहिलं."

"काडी?" त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आजी, ही नदी नाय."

"पाणी ते पाणीच."

"पानी फिरलाय. यांना सोडतो नि बघतो. तुमी त्या फेऱ्या सोडा नि आताच्या आता चालाय लागा."

तो गेला. जुबेदा म्हणाली, "वच्छलाबाई, तो रोज येते इथं. आपण परवा आलो."

"त्याले दुसरी खेप मारायची घाई हाय," मी म्हटलं. असा विचार मी त्या माणसाबद्दल केला. लिहून ठेवते.

मी शांताला सांगितलं, "अर्धा नवस ठेवू नको. पूर्ण कर." नवस तिचा होता, पण थांबायचं मी ठरवलं.

पाण्यात

एकविसावी दूर्वा पडली तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. बाहेर आलो. काडी नव्हती. काडी जिथं होती तिथं गुडघ्याच्या वर पाणी होतं.

जुबेदा म्हणाली, "आत बसू. उतरीन तवा जाऊ."

ते बरोबर होतं. सहा तास देवळात बसलो असतो, उपाशी, बस्स. तिकीटवाला आत होता, त्याला विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. पण माझ्या डोक्यात पूर्णा होती. नदी चढायला लागली की त्याच घडीला पार व्हायचं. थांबलं की दोन दिवस गेले. मी म्हटलं, "चला. आताच चला. अजून पायी जाता येते." आणि शांताचा हात धरून पुढं झाले.

पहिली शंभर पावलं ठीक गेली. मग समजलं की हे पाणी वेगळं आहे. नदीचं पाणी एका बाजूनं येतं. त्या बाजूला तोंड करायचं, पाय रोवायचा, पुढं सरकायचं. इथं पाणी डावीकडूनही येत होतं आणि उजवीकडूनही. पाय कुठं रोवायचा तेच कळेना. आभाळ कोरडं, ढग नाही, पाऊस नाही, गाळ नाही, आवाज नाही. पूर येताना पूर्णा ओरडते. हे मुकाट्यानं चढत होतं. मांड्यांपर्यंत आलं. शांताची काठी दगडांत अडकली आणि गेली. तिचं नऊवारी लुगडं भिजून दगडासारखं झालं. पाणी कमरेच्या वर आलं आणि ती बसली.

हे मी सुरुवातीला सांगितलं.

जुबेदानं ओढणी काढली. शांताच्या काखेखालून घालून दोन्ही टोकं पाठीमागं गाठली आणि मला म्हणाली, "चिखलात बैल बसला तं कशे उठवता?"

बैल चिखलात बसला तर ओढून उठत नाही. तो थकलेला असतो त्याहून जास्त घाबरलेला असतो. त्याला राग आणावा लागतो. मी शांताच्या कानाशी तोंड नेलं.

"बस मंग. बस इथंच. मी अकोल्याले जातो आणि तुया सुनेले सांगतो, का सासूनं कपाटाच्या चाब्या तुले देल्या."

शांतानं डोळे उघडले. त्या चाब्या बारा वर्षं तिच्या कमरेला आहेत. त्या दिवशीही होत्या.

"तिले?" ती म्हणाली.

"तिले नाही तं कोणाले? मधल्या खणातले कुरडयांचे डबे पण ती काढीन. आणि तुया देवघरात टीव्ही ठेवीन."

"तुमी लय नालायक आहा, वैनी."

"हो. ऊठ."

ती उठली. खरंच उठली. एक पाय, मग दुसरा. वीस-पंचवीस पावलं चालली, शिव्या देत. मला, सुनेला, डॉक्टरला. मग मोठी लाट आली आणि आम्हा तिघींच्या पायाखालची जमीन गेली.

त्यानंतरचं मला तुकड्यांत आठवतं. पाण्याखाली हिरवा उजेड. जुबेदाचा आवाज, "पकडके रखो! छोडना मत!" माझ्या मुठीत ओढणीचं टोक. आणि मग घोडीचं डोकं. पाण्यावर नुसतं डोकं, कान मागं, नाकपुड्या फुगलेल्या. तिच्या पाठीवर हरेश्वर. टांगा त्यानं किनाऱ्याजवळ सोडला होता आणि नुसती घोडी घेऊन आला होता.

"आजी, हिची आयाळ धरा! तुमी दुसऱ्या आजी, शेपटी! लाथ नाय मारत, धरा!"

मी आयाळ धरली. जुबेदानं शेपटी. शांताला बांधलेल्या ओढणीची गाठ त्यानं घोडीच्या गळपट्ट्याला बांधली आणि स्वतः खाली उतरून शांताचं डोकं खांद्यावर घेतलं. मध्ये एकदा घोडीचा पाय दगडांत सरकला आणि ती सगळीच्या सगळी खाली गेली. हरेश्वर ओरडला, "मैने! ए मैने!" ती वर आली. ती एकदाही उलटी वळली नाही. मी माणसं त्यापेक्षा लवकर वळलेली पाहिली आहेत.

वाळूला पाय लागला तेव्हा मी उभी राहिले आणि पडले. जुबेदा चार पायांवर बाहेर आली. हरेश्वर ओकत होता. शांताला चार जणांनी उचलून ठेवलं. तिचे ओठ निळे होते आणि ती बोलत नव्हती. पन्नास वर्षांत ती पहिल्यांदा गप्प होती आणि मला ते नको होतं.

मासे वाळत घालणारी एक कोळीण धावत आली. तिनं शांताला कुशीवर वळवलं, पाठीत धपाधप मारलं, तोंडातून पाणी निघालं. रिक्षा आणायला माणूस पळवला. मग माझ्याकडं वळली.

"तुमच्या गावात नदी नाय का गं?"

"हाय," मी म्हटलं. "म्हणूनच बुडत होतो."

दवाखान्यात

दवाखान्यात शांताला ऑक्सिजन लावला, सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी गेलं आहे, वय आहे, संध्याकाळपर्यंत काही सांगता येत नाही. आम्ही दोघी बाकावर बसलो. मालतीताईंनी कोरडे कपडे आणले होते. जुबेदानं जपाची तसबी काढली. मी काहीच काढलं नाही. मी विचार करत होते की अकोल्याला फोन करून काय सांगायचं. काडी पाहिली होती, असं सांगायचं?

हरेश्वर तिथंच दाराशी उभा होता, ओल्या कपड्यांत. मी त्याला म्हटलं, "तू जाय बापा घरी. तुया घोडीले पाहा."

"पोराला बसवलाय तिच्यापाशी. पाय खरचटलाय, बाकी बरी हाय."

"भरल्या पाण्यात घालत असतं काय कोणी घोडी?"

"नाय घालत. मी पन कधी घातली नाय."

"मंग आज काहून?"

त्याला हा प्रश्न वेडगळ वाटला असावा. "सकाळी नेली ती मानसं मी. ज्यानं नेली त्यानं परत आनायची. आमच्यात असाच हाय." मग म्हणाला, "आजी, दर्या पयल्या तासाला झोपल्यावानी असतो. काडी हलत नाय. तिसऱ्या तासाला तो पळतो. तुमी झोपलेला बघितला."

मी त्याला खेपेबद्दल मनात काय म्हटलं होतं ते सांगितलं. तो हसला. "मारायचीच होती खेप," म्हणाला. "मारली."

चार वाजता नर्सनं आत बोलावलं. शांताचे डोळे उघडे होते. तिनं तोंडावरची नळी बाजूला केली.

"चंद्र निघाला काय?"

"चार वाजले. चंद्र कुठचा?"

"मंग हे सलाईन काहून लावली? माया उपास मोडला नं."

जुबेदा खाटेच्या पायथ्याशी होती. "अख्खा दर्या पिऊन घेतला तवा नाही मोडला, आन या बाटलीनं मोडला?"

"दर्या मी मनानं नाही प्याली," शांता म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. "वैनी, सुनेले काही सांगितलं तं नाही?"

"नाही."

"सांगू नका."

मला हसू आलं नाही. मी बाहेर गेले, व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिले आणि तोंड धुतलं. मग आत आले.

तिथं आणखी तीन दिवस राहावं लागलं. शांताला सोडल्यावर आम्ही एकदा किनाऱ्यावर गेलो. मैना झाडाखाली बांधलेली होती, मागच्या पायाला पट्टी. शांतानं तिला गूळ दिला आणि बराच वेळ कपाळ खाजवलं. माणसांना ती एवढा वेळ देत नाही.

अलिबागला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. समाधी पाहा, इस्रायल आळी पाहा, पांढरा कांदा आणा, पोपटी मिळाली तर खा, ठेचा घरून न्या. किल्ला नक्की पाहा. टांगेवाला निघा म्हणाला की निघा, देवापुढं एक दूर्वा टाकायची राहिली असली तरी.

शांताचे दोन्ही गुडघे पुढच्या महिन्यात झाले. ती टेबलावरून उठली.

त्या दिवशी पाण्यात पाच जीव होते. मी वाचले. जुबेदा वाचली. हरेश्वर आणि मैना वाचले. शांता वाचली.